ग्लू निवडताना रबर काढायचा दिवस आठवा

टेबल टेनिसच्या बॅटवर रबर चिकटवायला कुठला ग्लू लावला म्हणजे बॉलचा स्पीड वाढेल, हा प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा दोष नाही, कारण एक काळ असा होता की ग्लूनं खरंच स्पीड वाढायचा. १९७० च्या दशकात युगोस्लाव्हियाचा द्रागुतिन शुर्बेक आणि हंगेरीचा टिबोर क्लाम्पार, या दोघा खेळाडूंच्या नावावर हा शोध जातो. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढायला जे सोल्युशन वापरतात ना, त्यानं रबर चिकटवलं की बॉल वेगळाच सुटतो. का, तर त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारं द्रावण, रबराच्या खालच्या स्पंजच्या छिद्रांत शिरायचं, स्पंज फुगायचा, त्यामुळे वरची टॉपशीट, म्हणजे बॉल लागतो तो थर, ताणली जायची आणि ताणलेलं रबर बॉलला जोरात फेकायचं. आवाजसुद्धा बदलायचा, टक्क असा कडक. पण सॉल्व्हंट उडून गेलं की मजा संपली, म्हणून लोक मॅचच्या आधी रबर काढायचे, परत ग्लू लावायचे, परत चिकटवायचे, आणि त्या वाफा सगळ्यांच्या नाकात. तब्येतीला वाईट म्हणून शेवटी आयटीटीएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघानं, बीजिंग ऑलिम्पिक उरकल्यावर, १ सप्टेंबर २००८ पासून ते पूर्ण बंद केलं. आता मोठ्या स्पर्धांत बॅट मशीनला लावून वाफा तपासतात.

मग कंपन्यांनी काय केलं, तो ताण फॅक्टरीतच रबरात भरून द्यायला लागल्या. बटरफ्लाय कंपनीचं टेनर्जी रबर त्याच साली आलं, हा काही योगायोग नाही. म्हणजे स्पीडचं काम रबराकडे गेलं आणि ग्लूकडे फक्त दोन कामं उरली, खेळताना धरून ठेवणं आणि काढायच्या दिवशी गुपचूप सोडणं. पहिलं काम बाजारातला जवळजवळ प्रत्येक टीटी ग्लू करतो. दुसऱ्यात फरक पडतो, आणि घेताना ते कोणीच बघत नाही.

आता सगळीकडे मिळतो तो पाण्याचा ग्लू, म्हणजे पाण्यात मिसळलेलं लॅटेक्स. लावताना दुधासारखा पांढरा, थोडा अमोनियाचा वास, सुकला की पारदर्शक. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर हातमोजे घाला, हे आधीच सांगतो. काही ग्लू पातळ असतात, काही दाट. पातळ ग्लू एकसारखा पसरतो पण स्पंज तो पिऊन टाकतो, मग दोन थर द्यावे लागतात. दाट ग्लू एका थरात भागवतो, वर त्याची एक चांगली फिल्म बनते जी नंतर अख्खी सोलून निघते, पण हात बसलेला नसेल तर गाठी होतात. नवीन माणसानं मध्यम घ्यावा, आणि दर महिन्याला रबर बदलणाऱ्यानं दाट. सुपरग्लू किंवा फर्निचरचा पांढरा ग्लू कृपा करून नको, तो सुकून कडक होतो आणि रबर काढताना स्पंज तरी फाटतो नाहीतर ब्लेडचा, म्हणजे बॅटच्या लाकडाचा, वरचा थर तरी येतो. आणि बूस्टर? तेल लावून स्पंज फुगवायचा प्रकार. नियमात रबरावर कुठलीही ट्रीटमेंट चालत नाही, तरी लोक करतात, सगळ्यांना माहितीय. मी शिकवत नाही.

लावण्याआधी ब्लेड बघा. बाहेरचं लाकूड लिंबा किंवा हिनोकी असेल तर ते मऊ, त्याचे तंतू ग्लूबरोबर उचलून येतात, तेव्हा नवीन ब्लेडला वार्निशचा अगदी पातळ एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. जाड वार्निश मारलं की ब्लेडचा फील मरतो. कोटो लाकूड कडक असतं, तिथे बऱ्याचदा गरज पडत नाही. नवीन रबर पाकिटातून काढून ७२ तास उघडं ठेवावं असं आयटीटीएफ सुचवते, फॅक्टरीतला उरलासुरला वास उडून जातो.

आता खरं काम. जुना ग्लू अंगठ्यानं चोळून गोळ्या करून काढा, नखानं खरवडू नका. मग स्पंजवर मध्यभागी ग्लू ओता आणि ग्लूबरोबर येणाऱ्या छोट्या स्पंजच्या तुकड्यानं पसरवा, एकाच दिशेनं, पटापट, कारण अर्धवट सुकलेल्या ग्लूवरून परत हात फिरवला की तो गोळ्या होऊन निघतो आणि मग सगळं पहिल्यापासून. ब्लेडवर एक थर, स्पंजवर एक किंवा दोन. स्पंज ओला झाला की रबर वाकडं होतं, काही रबरं तर पार गुंडाळी होतात, घाबरायचं नाही, सुकलं की सरळ येतं. चिकटवण्याआधी ग्लूचा पांढरा रंग कुठेही दिसायला नको. घाईत ओल्यावर चिकटवलं तर पाणी आत अडकतं, कडांना रबर सुटतं, मध्ये फुगे येतात, आणि नव्वद टक्के तक्रारी ह्याच्याच असतात असं मी म्हणेन, मोजलेलं नाही. हेअर ड्रायर चालेल, पण थंड हवेवर.

पातळ थराचा हट्ट का, तर रबर, स्पंज आणि ग्लू मिळून जाडी ४.० मिलिमीटरच्या आत पाहिजे. मॅक्स, म्हणजे सगळ्यात जाड, स्पंजचं रबर आधीच त्या रेषेला टेकलेलं असतं, वर ग्लूचे चार थर चढवले की बॅट तपासणीत नापास. शिवाय जाड थरानं बॉल लाकडापर्यंत पोचल्याचं हाताला कळत नाही.

चिकटवताना हँडलकडची कड आधी नीट जुळवा, रबर हलक्या हातानं खाली सोडत जा आणि रोलर किंवा एखादी गोल नळी हँडलकडून टोकाकडे फिरवा. ओढायचं नाही. ओढून लावलेलं रबर काढल्यावर आखडतं, दुसऱ्यांदा लावलं की कडेला लाकूड दिसतं, आणि नियमाप्रमाणे रबर ब्लेडच्या काठापर्यंत पोचायलाच हवं. मग जड पुस्तकाखाली थोडा वेळ ठेवा आणि काठाबाहेरचं रबर कापा. कात्री धारदार हवी, लांब लांब कापा, कुरतडू नका.

बिनास्पंजच्या लाँग पिंपलला, म्हणजे लांब दाण्यांच्या रबराला, हे सगळं लागू नाही. तिथे ग्लू प्यायला स्पंजच नाही, पाणी लवकर सुकत नाही आणि पातळ रबराखाली प्रत्येक गाठ दिसते. सरळ ग्लू शीट घ्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी.

काढताना हँडलकडून सुरुवात, रबर जवळजवळ स्वतःवर दुमडून, हळू, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं ओढलं की तंतू उचलले जातात. एखादा तंतू उठायला लागला तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या कोपऱ्यातून या. आणि बाटलीचं झाकण लगेच लावत जा, लॅटेक्स हवेनं आतच जमतं, एकदा गुठळ्या झाल्या की पाणी घालून काही उपयोग नाही, टाकून द्या.