रोगाचं गाडीभाडं

(गावच्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि कूलरसमोरच्या जागा पाच वाजल्यापासून धरून बसलेले सुज्ञ श्रोते,

बाहेर ४५ डिग्री आहे आणि मला विषय आहे सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या जंगलांतल्या रोगाच्या साथीचा. देवदार, चीड, कैल, पाइन, लार्च. संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला मे महिन्यात बर्फातल्या झाडांवर ऐकायला बसवायचं, हे धाडस कार्यवाहांचं. निदान थंडावा तरी वाटेल, असा त्यांचा हिशोब असावा.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. शाळेच्या कुंपणाला सुरूची रांग आहे, ती सूचिपर्णी नाही. दिसते तशी, पण सुरू हे फुलणारं झाड आहे. विश्रामगृहासमोरचं ख्रिसमस ट्री मात्र खरं सूचिपर्णी. म्हणजे आपल्या गावातलं सूचिपर्णी जंगल एका झाडाचं. त्याच्यावर साथ यायची नाही, साथीला शेजारी लागतो.

मग हा विषय इथं कशाला? तर गेली कित्येक वर्षं मी एकच गोष्ट सांगत फिरतोय आणि घरच्यांनी ऐकणं बंद केलंय. झाडांचा मोठा रोग फारसा आपल्या पायांनी येत नाही. आपण त्याला गाडीभाडं देऊन आणतो. वर हमालीही देतो. अमेरिकेच्या पाइनला हे लागू आहे तसं माझ्या संत्र्यालाही आहे. तर आधी संत्रा, मग अमेरिका.

मी कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित वावरात संत्रा लावायचा ठरवलं. पन्हेरी एका रोपवाटिकेतून आणली. नाव सांगत नाही, मालकांचे नातेवाईक इथं बसलेले असू शकतात. (हशा) कलमं दिसायला अशी देखणी की आमच्या सौ. म्हणाल्या, लग्नाच्या मांडवात ठेवावीत. मालकानं स्वतः उभं राहून गाडीत भरून दिली. मुळांशी मातीचा गोळा, वर ओलं पोतं. बिलावर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

पहिले दोन पावसाळे ठीक गेले. मग एका रांगेतल्या झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडायला लागल्या. शेंडे वाळले. बुडाशी साल तडकून तिथून डिंक यायला लागला, मधाच्या रंगाचा, बोटाला चिकटणारा. आमचा सालदार म्हणाला, “सायेब, झाडाले डिंक्या लागला जी.” मी रोगशास्त्राचा माणूस, पण निदान त्यानं केलं आणि बरोबर केलं. मी खुरप्यानं माती सारली आणि एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोजा निघावा तशी निघून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. बुडाची साल नखानं खरवडली तर जिथं हिरवं दिसायला पाहिजे तिथं तपकिरी चट्टा. ही फायटोप्थोराची सही. तिला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्रानं तिला खऱ्या बुरशीतून केव्हाच बाहेर काढलं. ती शैवालांच्या गोतातली आहे. म्हणून तर तिला पाणी लागतं. तिच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते जमिनीतल्या पाण्यात चक्क पोहतात. मोकाट पाणी दिलं की तिची यात्रा भरते.

मी मालकाकडे गेलो. सोबत मुळांची पिशवी. त्यांनी पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “सर, तुमच्या जमिनीतच दोष हाय. एखाद्या जाणकाराले दाखवा.” (हशा) मंडळी, हसा, पण हे वाक्य मला अजून रात्री आठवतं. जाणकाराले दाखवा! मी म्हटलं, भाऊ, तिथं याआधी कधी संत्रा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी आणि तूर होती; मग हा रोग आला कुठून? ते म्हणाले, “हवेतून येते जी थो.”

हवेतून! डिंक्या हवेतून येत नाही हो. मातीतून येतो, पाण्यातून येतो, कलमाच्या मुळाशी बसून येतो. वाफ्यात एक झाड रोगट असलं की पाटाच्या पाण्यानं अख्खा वाफा रोगट, आणि बाजूला तीच कलमं विकायला रचलेली. तिथून ती कुठं कुठं गेली, कोणाला ठाऊक? त्याची वही कोणी ठेवत नाही. बियाण्याच्या पिशवीवर निदान लॉट नंबर असतो. आणि दहा-बारा वर्षं वावर अडवून बसणारं झाड मात्र आपण नुसतं रंग बघून घेतो.

डिंक्यासाठी खोडाला लावायच्या बोर्डो मलमाचं विचारणाऱ्यांसाठी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी घमेल्यात नाही. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, बुडापासून वर खोडाला फासायचं. आळं दुहेरी करायचं, खोडाला पाणी लागू द्यायचं नाही. कलमाचा डोळा जमिनीच्या चांगला वर राहिला पाहिजे. काकाजी, तुम्ही लिहून घेताय, पण ते घमेल्याचं विसरू नका.

...कार्यवाहांनी चिठ्ठी दिली आहे: ‘दहा मिनिटे. सूचिपर्णी?’ प्रश्नचिन्ह त्यांचंच. बरं, निघतो अमेरिकेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या पाइनची प्रचंड तोड झाली होती आणि पुन्हा लागवड करायची होती. तिथल्या रोपवाटिका अपुऱ्या, युरोपात रोपं स्वस्त. झाड मूळ अमेरिकेचंच, बी तिकडं गेलेलं, रोपं जर्मनी-फ्रान्सच्या वाफ्यांत वाढलेली. ती जहाजानं परत आली आणि सोबत तांबेरा आला. पश्चिम किनाऱ्यावर तो १९१० मध्ये व्हँकुव्हरला फ्रान्सहून आलेल्या रोपांवर उतरला. गव्हाचा तांबेरा तुम्हाला ठाऊक आहे; हा त्याचाच गोतावळा, पण पाइनच्या खोडाला फोड आणणारा. त्याची गंमत अशी की तो पाइनवरून थेट पाइनवर जात नाही. मध्ये करंट-गूजबेरीच्या रायबीस नावाच्या झुडपांवर मुक्काम करावा लागतो. पाइनवरून उडालेले बीजाणू वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. झुडपावरून परत पाइनकडे येणारे मात्र नाजूक, जवळपासच मरतात. म्हणून अमेरिकेनं ठरवलं, झुडपंच उपटा. १९३०च्या मंदीत बेकार तरुणांच्या टोळ्या डोंगरांत रायबीस उपटत फिरल्या. पूर्वेकडं थोडा उपयोग झाला. पश्चिमेच्या डोंगरांत नाही: झुडपाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि मोठ्या जंगलात सगळं कोण उपटणार? १९१२ साली त्यांनी रोपांच्या आयातीवर कायदा केला. मालकाच्या बिलावरचं वाक्य आठवा. माल तेव्हा परत जाण्याच्या पलीकडं गेला होता.

उंच डोंगरावरच्या व्हाइटबार्क पाइनला २०२२ मध्ये अमेरिकी सरकारनं धोक्यातली जात जाहीर केलं, त्यात हा तांबेरा मोठं कारण. त्या झाडाचं बी कावळ्याच्या कुळातला एक पक्षी जमिनीत पुरून ठेवतो, विसरलेल्या बियांतून नवी झाडं येतात, आणि अस्वलं खारींनी साठवलेलं तेच बी उकरून खातात. रोग झाडाला, उपास अस्वलाला.

आपल्याकडं हिमालयात चीडच्या खोडावरही असा एक तांबेरा आहे आणि त्याचं मधलं मुक्कामाचं ठिकाण आहे काडेकिराइताच्या जातकुळीतल्या वनस्पती. लहानपणी आजीनं नाक दाबून पाजलेला कडू काढा आठवतोय ना? त्याच घराण्यातल्या.

आता भराभर. दुसरा प्रकार मुळांचा. हेटेरोबेसिडियन नावाची बुरशी युरोपच्या पाइन-स्प्रूसमध्ये आणि हिमालयात देवदारावरही आहे. वनखात्याची विरळणी होते तेव्हा ताजा कापलेला बुडखा उघडा राहतो. त्यावर हवेतले बीजाणू पडतात, बुरशी मुळांत उतरते आणि जिथं एका झाडाची मुळं दुसऱ्याला भिडतात तिथून शेजाऱ्यात शिरते. म्हणजे जंगल सुधारायला चालवलेली कुऱ्हाडच तिला दार उघडून देते. केंब्रिजच्या जॉन रिशबेथनं गेल्या शतकाच्या मध्याला ताज्या बुडख्यावर दुसरी एक निरुपद्रवी बुरशी आधीच लावायची युक्ती काढली, ती आजही वापरतात. जागा आधी भरली की वाईट पाहुण्याला बसायला मिळत नाही.

तिसरा, सूत्रकृमी. मिलिमीटरभर लांबीचा. अमेरिकेतल्या पाइनला त्याची सवय आहे, तिथं तो फारसा त्रास देत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जपानला पोचला, नंतर चीन, कोरिया, आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये सापडला. भुंगेऱ्याच्या श्वासनळ्यांत बसून झाडापासून झाडाकडं जातो. हिरवं झाड एका उन्हाळ्यात लाल होऊन मरतं. समुद्र मात्र तो लाकडात बसून ओलांडतो. जिनिंगवर नवी मशीन येते तेव्हा तिच्या खालचं लाकूड बघा. बाजूला गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि ‘एचटी’ असा डागलेला शिक्का असतो. म्हणजे त्या लाकडाचा गाभा ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलाय. आपल्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात अर्धं काम आपसूक होईल. (हशा) तो शिक्का या पाहुण्यांसाठी आहे. शिक्का नसलेली फळी आली तर बांधावर फेकू नका, चुलीत घाला.

आणि फायटोप्थोरा, माझी जुनी ओळख. तिची एक बहीण २००९ मध्ये इंग्लंडात जपानी लार्चवर सापडली. पावसाच्या थेंबांनी पानापानांवर पसरते. तिला थांबवायला लार्चची रानंच्या रानं तोडावी लागली. त्या देशात ती आधी कुठं सापडली होती म्हणता? रोपवाटिकेतल्या शोभेच्या झुडपांवर. मालकाला हे कळवायची माझी फार इच्छा आहे.

दोन मिनिटं. उपाय एकच जरा आशेचा आहे. तांबेऱ्यानं मेलेल्या जंगलात एखादं पाइन उभं राहतं. अमेरिकेत अशा झाडांचं बी गोळा करून, रोपांवर मुद्दाम रोग सोडून, वाचलेली पुन्हा लावण्याचं काम १९५०च्या दशकापासून चालू आहे. एका माणसाच्या नोकरीत संपणारं नाही ते. आपल्याकडंही डिंक्यानं गेलेल्या रांगेत एखादं झाड हिरवं असतं. आपण त्याचा डोळा मागायला धावतो, पण डिंक्याशी झुंजतो तो खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर डोळा बांधतात ते. जंभेरी होता की रंगपूर लिंबू, हे विचारा. आणि येत्या जुलैत पन्हेरी घ्यायला जाल तेव्हा एक कलम मालकासमोर बादलीत धुऊन मूळ चिमटीत ओढून पाहा. मालक चिडला तर गाडी रिकामी परत आणा, तेवढं भाडं परवडतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. प्रश्न चहाच्या वेळी.