कोल्हापुरात राहून दूध सोडलं, त्याची गोष्ट (आणि माझ्या बी-१२ची)

[स्वयंपाकघर. ओट्यावर काळ्या चहाचा कप. कॅमेरा जवळ.]

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. म्हणजे अशा गावची, जिथं म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक फेसाळलेला पेला उभ्या उभ्या रिकामा करतात. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून जाऊन मीही केलाय. तर अशा गावात राहून मी गेली पाच वर्षं दूध पीत नाही. दही नाही, तूप नाही. मटण त्याच्याही आधी सुटलं होतं. आमच्या गल्लीत दोन-तीन जणांना अजून वाटतं, हिला काहीतरी आजार आहे.

आणि गंमत म्हणजे, पहिल्या वर्षी खरंच होता. तिकडं येतेच.

आधी, सोडलं का ते सांगते. मामाच्या घरी गोठा आहे, चार म्हशी. म्हैस व्याली की आमच्याकडं पहिला प्रश्न असतो, "रेडी का रेडा?" रेडी झाली तर तिला आचळाला पुरेसं पिऊ देतात, कारण उद्या ती दूध देणार. रेड्याला कुणी मारत नाही बरं का. त्याला फक्त कमी मिळतं. पान्हा सुटेपर्यंत लावायचं, मग ओढून बाजूला बांधायचं. एका सुट्टीत मी ज्याच्याशी खेळायचे, तो रेडा सकाळी जागेवर नव्हता. मामी म्हणाली, "दगावला." एवढंच. म्हैस दोन दिवस रेकत होती. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं कातड्यात पेंढा भरून केलेलं वासरू ठेवलं, ती चाटायला लागली आणि धार निघाली.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. त्या दिवशी दूध सोडलं नाही हो. त्याच संध्याकाळी खरवस खाल्ला, दोनदा मागून. सोडलं ते पुढं वीस वर्षांनी, एक आकडा बघून. २०१९ची पशुगणना. देशातली गुरं, म्हणजे गाई, बैल, वासरं मिळून, १९ कोटी २५ लाखांच्या आसपास. त्यातल्या माद्या साडेचौदा कोटी. आता जन्माला येताना कालवडी आणि गोऱ्हे जवळजवळ निम्मे-निम्मे येतात. मग उरलेले गोऱ्हे गेले कुठं? हा प्रश्न पडला आणि मला तो कातड्यात भरलेला पेंढा आठवला.

उत्तर फार अवघड नाही. शेतात ट्रॅक्टर आला. एच.एफ. म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी जातीच्या संकरित गोऱ्ह्याला धड वशिंड नसतं, तो औताला नीट चालत नाही, उन्हात टिकत नाही. त्यात २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हणजे शेतकऱ्यानं तो विकायचा कुणाला? आणि दूध तर रोज पाहिजेच आहे. मग गोऱ्हा रात्रीचा कुठल्या तरी फाट्यावर सोडला जातो. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, आपण बैलाच्या शिंगांना रंग लावतो, ते खरंच प्रेमानं लावतो. पण हा गोऱ्हा बेंदरापर्यंत पोचतच नाही.

[थोडं थांबून]

आता इथं लगेच "शेतकरी क्रूर" असं म्हणणाऱ्यांसाठी. माझ्या मामीला उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि ते सोसायटीच्या कर्जात जातात. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. फॅट किती लागली, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) किती, तेवढा दर. पण ते पैसे तिच्या हातात येतात. माझ्या मामेबहिणीच्या कॉलेजची फी, गॅसची टाकी, गुडघ्यांचं औषध, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलातून. तिला मी आजपर्यंत एका शब्दानं "म्हशी विक" म्हटलेलं नाही. म्हणणार पण नाही. माझा चहा काळा झाल्यानं तिचं बिल भागत नाही.

हे शहाणपण मात्र मला माझ्या आज्जीकडून उशिरा आलं. आज्जी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला साबुदाणा, आषाढात वारी जमेल तशी. आणि घर कोल्हापूरचं, म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार मटण. तिचा तवा वेगळा, कढई वेगळी, ती आधी जेवून घ्यायची. पण रविवारी पाट्यावर खोबऱ्या-तिळाचं वाटण वाटायला तीच बसायची! तांबड्या रश्श्याला रंग कसा आला पाहिजे, ते चव न घेता वासावरून सांगायची. मी एकदा विचारलं, "आज्जी, तुला नको वाटत न्हाई व्हय गं?" तर म्हणाली, "वाटतंय की. पर माळ माज्या गळ्यात हाय, तुज्या न्हाई."

मी मात्र दूध सोडलं आणि सहा महिन्यांत असह्य झाले. चुलतभावाच्या लग्नात बासुंदीच्या काउंटरसमोर उभी राहून मी लोकांना वासरांबद्दल सांगितलेलं आहे. लग्नात! काकू नंतर वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही, आणि मला तेव्हा वाटायचं की मी सत्याची किंमत मोजतेय. कसलं सत्य. मागं रांगेत माणसं ताटकळत उभी होती.

आणि त्याच काळात माझी तब्येत उतरत होती. हे नीट ऐका, सगळ्या व्हिडिओत हे सगळ्यात कामाचं आहे.

मी खात काय होते? वडापाव. फरसाण. काळा चहा आणि बिस्किटं, पाकीट उलटून त्यात दुधाची पावडर नाही ना बघून. वडापावात प्राण्याचं काही नाही, एवढ्यावर मी खूश. वर्षभरात पायाला मुंग्या यायला लागल्या. जीभ लाल, जिना चढताना धाप. तपासणी केली तर बी-१२ हे जीवनसत्त्व दोनशेच्याही बरंच खाली, म्हणजे फारच कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझी तत्त्वं चांगली आहेत, पण मज्जातंतूंना ती वाचता येत नाहीत." मला राग आला होता. बरोबर होत्या त्या.

बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही. प्राणीसुद्धा नाही. ते बनवतात जिवाणू, आणि गाय-म्हैस-बकरी यांच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात, मांसात उतरतं. आपल्याला दिवसाला लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकं. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून सोडल्या सोडल्या काही होत नाही. पूर्ण भरलेला असेल तर काही वर्षं निघतात. माझा मुळातच रिकामा असणार, आणि तसा तो आपल्यातल्या अनेकांचा असतो. पुण्यातला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पुणे आणि आसपासच्या चारशेहून अधिक पुरुषांत सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी निघालं. तेव्हा "मी रोज कपभर दूध पिते, मला काय होतंय" असं म्हणणाऱ्या मंडळींनीही एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते. 'व्हेगन', म्हणजे दूध-दह्यासकट प्राण्यांचं काहीच न खाणारा, हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. आणि बी-१२ शास्त्रज्ञांच्या हाती शुद्ध स्वरूपात लागलं १९४८ साली. म्हणजे पहिली चार वर्षं या माणसांना माहीतच नव्हतं की आपल्या ताटात नेमकं काय कमी पडतंय! आपल्याला माहीत आहे. मग गोळी घ्यायला लाजायचं कशाला? स्पिरुलिना, आंबवलेली इडली, न धुतलेली भाजी, असले उपाय कुणी सांगितले तर सोडून द्या. गोळी किती, इंजेक्शन लागेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्यांच्यावर हा प्रयोग करू नका. आपला निर्धार लेकराच्या मेंदूवर तपासायचा नसतो.

[कप बाजूला. नाचणीच्या पिठाचा डबा पुढे.]

कॅल्शियमचं त्या मानानं सोपं. गाईच्या १०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम, नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. सगळं अंगी लागत नाही, म्हणून एकट्या नाचणीवर विसंबू नका. शेवग्याचा पाला, तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी फिरवत ठेवा. प्रथिनांची काळजी तर मला हास्यास्पद वाटते. ज्या राज्यात पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, डाळिंब्या, शेंगदाण्याची चटणी आहे आणि मराठवाडा-विदर्भात मैलोन्‌मैल सोयाबीन उभं असतं, तिथल्या माणसानं परदेशी पावडरीचे डबे का आणावेत?

आणि गोडाचं म्हणाल, तर मला वाचवलं कोकण-गोव्यानं. आम्ही घाटावरचे लोक गोड म्हटलं की बासुंदी, श्रीखंड, पेढा यांच्यापलीकडं जात नाही. खाली उतरलात की सगळं नारळावर. खापरोळी, रसातले शिरवाळे, गौरीचं घावन-घाटलं, गोव्याचं मणगणं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. हे कुणी व्हेगन म्हणून केलेलं नाही. नारळ दारात होता, केलं. मला पहिल्यांदा पातोळी खाताना वाटलं, आपण उगीचच 'बदली पदार्थ' शोधत हिंडत होतो.

फसलेले प्रकारही सांगते. सोया दूध आल्याच्या चहात फाटतं. माझं तरी दर वेळी फाटलं, मी नाद सोडला. गवती चहा घालून काळा करते. पुरणपोळीवरच्या तुपाला पर्याय नाही. तेल लावलं, खोबरेल लावलं, शेंगदाण्याचं लोणी लावलं. नाही. पण आमच्याकडं पोळीबरोबर गुळवणी असते ना, ती नारळाच्या दुधात केली की तूप आठवायला वेळ मिळत नाही. शेंगदाण्याचं दही मात्र झकास लागतं. भिजवून वाटायचं, गाळून उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवायचं.

आता जरा नावडता विषय. मला लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही शुद्ध शाकाहारी?" हा 'शुद्ध' शब्द मला चालत नाही. मुंबई-पुण्यात घर बघायला गेलात तर कळेल, आडनाव विचारून, मग "नॉनव्हेज खात नाही ना" विचारून माणसं परत पाठवतात. आपल्याकडं ताटात काय आहे यावरून माणसाची जात काढायची जुनी खोड आहे, आणि त्या खोडीचा कनवाळूपणाशी काडीचा संबंध नाही. जो माणूस वासरासाठी रडतो आणि शेजाऱ्याला सुक्या बोंबलाच्या वासावरून सोसायटीतून काढतो, त्याच्या पंगतीत मला बसायचं नाही.

माझं स्वतःचं तरी कुठं सगळं जमतं. कोल्हापुरी चपला! २०१९ला त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही गावभर कौतुक केलं. अस्सल चप्पल चामड्याची. माझ्याकडं एक जुना जोड आहे, तळ दोनदा शिवून घेतलाय, तोच घालते. नवा घेत नाही. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं, त्यासाठी शिव्याही खाल्ल्या, त्या कारागिराच्या दुकानात उभं राहून "चामडं वाईट" म्हणायची माझी छाती होत नाही. तो जोड पूर्ण झिजल्यावर काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. औषधाच्या बहुतेक कॅप्सूलना जिलेटिनचं कवच असतं, आणि जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून. लागली तेव्हा मी ती गिळली.

परवा मामीची म्हैस व्याली. पहिल्यांदा मी विचारलं नाही, तिनंच फोनवर सांगितलं, "रेडा झालाय. तुझा मामा म्हणतोय, ह्याला एक थान पुरं पिऊ देऊया." मग जरा थांबून, "खरवस चालत नाही तुला, माहितेय. शेंगा पाठवतीय, ओल्या."

[आतून आवाज: "गुळवणी नारळाच्या दुधाची का साधी?"]

आई, दोन्ही! बाबा साधी खातात.

चला, शेंगा भिजत घालायच्यात. येते.