न दिसणारं कुंपण आणि मळ्यातला कुत्रा

श्रोतेहो, राम राम.

गेल्या पावसाळ्यात चोपड्याकडच्या एका मळ्यातून मोती नावाचा कुत्रा माझ्याकडे दवाखान्यात आणला होता. दाट केसांचा, धिप्पाड. मान एका बाजूला कलती धरलेली, आणि हात लावू देईना. दोघांनी धरला तेव्हा कुठे गळ्यातला पट्टा सोडता आला. नरड्यापाशी रुपयाएवढ्या दोन जखमा होत्या, एकीत किडे पडले होते. पट्ट्याला एक छोटी डबी, आणि आतल्या अंगाला धातूची दोन बोथट टोकं. ती टोकंच मांसात रुतली होती. मालक म्हणाले, "मॅडम, विजेचं कुंपण आहे ते. तीन आठवडे पट्टा काढलाच नाही. काढला तर पळून जाईल ना!"

मालक वाईट नव्हते. कुत्र्यावर त्यांचा जीव होता, म्हणूनच त्यांनी खर्च केला होता. पण वस्तूबरोबर कोणी माहिती दिली नव्हती. आज मी बोलतेय ते त्यासाठीच.

आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात, ते तुम्हाला माहीत आहे. तिथे उघड्या तारेत झटका असतो, जो शिवेल त्याला बसतो. हे कुंपण वेगळं. यात तार जमिनीत थोडी खाली पुरतात, मळ्याला पूर्ण वेढा घालून. त्या तारेवर तुम्ही उभे राहिलात तरी काही होत नाही. घरातल्या एका पेटीतून तारेत अगदी कमी ताकदीचा रेडिओ संदेश सोडलेला असतो. माझा आवाज आत्ता तुमच्यापर्यंत लहरींवरून येतोय, तसाच तो संदेश कुत्र्याच्या पट्ट्यातली डबी पकडते. कुत्रा तारेजवळ आला की डबी आधी पीं पीं वाजते. तो तरी पुढे गेला, तर डबीतल्या बॅटरीचा झटका मानेला बसतो. मी तो माझ्या हातावर घेऊन पाहिलाय. सगळ्यात खालच्या पातळीवर मुंगी चावल्यासारखं वाटतं. सगळ्यात वरच्या पातळीवर माझा हात आपोआप मागे झटकला गेला.

एका मळ्यात मी हे समजावत होते, तेव्हा एक आजोबा बांधाकडे बघत म्हणाले, "तार कोठे शे, माय?" कुत्र्यालाही नेमका हाच प्रश्न पडतो. त्याला तार दिसत नाही, म्हणून हद्द शिकवावी लागते. तारेच्या आत हातभर अंतरावर छोट्या झेंड्या रोवायच्या. कुत्र्याला दोरीला धरून तिथवर न्यायचं, पीं पीं वाजलं की लगेच मागे वळवायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. पहिले काही दिवस झटका बंदच ठेवायचा. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, असे निदान दोन आठवडे. ही मेहनत घ्यायची तयारी नसेल, तर हे कुंपण घेऊच नका. हद्द न समजता झटके बसणारा कुत्रा भित्रा तरी होतो, नाहीतर चावरा. झटका बसताना समोर रस्त्यावरून शाळेचं पोर जात असेल, तर कुत्र्याच्या डोक्यात झटका आणि पोर यांची गाठ बसते. मग तो पोरांवर धावायला लागतो. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये असले झटक्याचे पट्टे 2010 पासून बंद आहेत, हेही माहीत असू द्या.

फायदा नाही का? आहे, आणि तो मी मान्य करते. आपल्याकडे मळ्यातला कुत्रा वर्षानुवर्षं निंबाखाली दोन हात साखळीला बांधलेला असतो. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. नीट शिकवलेला कुत्रा या कुंपणात दिवसभर मोकळा फिरतो. धुळे-जळगाव महामार्गालगत ज्यांची घरं आहेत, त्यांनी गाडीखाली गेलेली कुत्री पाहिली आहेत. दोन एकरांना जाळी मारण्यापेक्षा तार स्वस्तही पडते.

पण हे कुंपण फक्त तुमच्या कुत्र्याला अडवतं. बाहेरून येणाऱ्या कुणालाच अडवत नाही. यावल, रावेर, चोपडा हा सगळा सातपुड्याचा पायथा. केळीच्या बागा, उसाचे फड, आणि त्यात दडणारा बिबट्या. कुत्रा ही त्याची सोपी शिकार. पिसाळलेलं कुत्रं सरळ आत येतं, आणि तुमचा कुत्रा पट्ट्याच्या भीतीने पळून जाऊ शकत नाही. उलटही घडतं. मुंगसामागे जोरात धावणारा कुत्रा एक झटका सोसून बाहेर जातो, आणि परतताना तोच झटका आठवून हद्दीबाहेर रडत बसतो.

आणि आपली काळी जमीन! मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात तार ताणून तुटते, नाहीतर रोटाव्हेटर तिला उचलतो. वीज गेली की पेटी बंद, पेटी बंद की कुंपण नाही. पेटीला इन्व्हर्टर जोडलेला हवा.

ज्यांनी आधीच बसवलंय त्यांनी एवढं तरी करा: पट्टा दिवसातून दहा-बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. रात्री काढा, मानेवरून बोटं फिरवून केसांखाली बघा, पट्ट्याची टोकं धुऊन पुसा. रेबीजची लस दर वर्षी द्या.

मोतीच्या मालकांनी शेवटी घराभोवतीच्या ओट्याला आणि गोठ्याला साधी तारजाळी मारली. रात्री मोती जाळीच्या आत असतो, पट्ट्याविना. पुरलेली तार तशीच आहे, पण पट्टा फक्त दिवसा, आणि तोही दोन आठवडे झेंड्यांपाशी भाकरी खाऊन शिकल्यानंतर. परवा लसीला आला होता. जखमा भरल्यात. त्या दोन जागी केस पांढरे उगवलेत.