बाळंतपणाचं बिल कोण भरतं?

[दृश्य: ह्यूस्टन, टेक्सास. हॉस्पिटलची बिलिंग खिडकी.]

अमेरिकेत कंपनीचा विमा असलेल्या बाईच्या गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा एकूण खर्च सरासरी 18 हजार डॉलरच्या पुढे जातो. मग हॉटेलात तासाच्या मजुरीवर खोल्या आवरणारी बाई काय करते?

तिचा आधार बहुधा मेडिकेड. कमी उत्पन्नवाल्यांसाठीची, 1965 पासूनची ही सरकारी विमा योजना देशातल्या दर दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च उचलते. राज्यागणिक नाव मात्र वेगळं. कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, विस्कॉन्सिनमध्ये बॅजरकेअर.

टेक्सासची तऱ्हा बघा. दोन मुलांची एकटी आई महिन्याला 500 डॉलर कमावत असेल, तरी स्वतःसाठी मेडिकेडला अपात्र. एवढी मिळकत इथे जास्त ठरते! तीच बाई गरोदर राहिली, की मर्यादा एकदम दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आसपास. तपासण्या, सोनोग्राफी, वेळ पडली तर सिझेरियन, खिशातून काही द्यायचं नाही. बाळालाही पहिलं वर्षभर आपोआप संरक्षण. आईचं मात्र पूर्वी दोन महिन्यांत संपायचं. 2024 मध्ये टेक्सासने तिलाही वर्षभराची मुदत दिली.

कागदपत्रं नसलेल्या बाईला? 1986 च्या कायद्यामुळे कळा सुरू झालेल्या कुणालाही इमर्जन्सी विभागातून हाकलता येत नाही. इमर्जन्सी मेडिकेडमधून तो खर्च निघू शकतो. नाही निघाला, तर बिल घरी येतंच.

खरी ओढाताण मर्यादेच्या जरा वर असलेल्यांची. दर पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो, तरी डिडक्टिबल, म्हणजे विम्याने हात घालण्याआधी आपण भरायची रक्कम, हजारोंत असते. बहुतेक विम्यांचं वर्ष जानेवारीत बदलतं. गरोदरपण त्यापलीकडे गेलं, की मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यात आईचं बिल वेगळं, बाळाचं वेगळं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचं बऱ्याचदा तिसरंच.

जाणती माणसं असं बिल लगेच भरत नाहीत. आधी बाबवार तपशील मागतात, मग फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे हॉस्पिटलकडून बिलात सूट मिळवण्याचा अर्ज. ना-नफा हॉस्पिटलांना ही सवलत ठेवणं कायद्याने भाग आहे, आणि पहिल्या बिलानंतर 240 दिवस अर्ज करता येतो. हे बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं, वाचतो कोण? उरलेल्याचे हप्ते. नाहीतर क्रेडिट कार्ड.

आणि रजा? देशाचा कायदा 12 आठवडे देतो, तीही बिनपगारी. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या खासगी ठिकाणी तेवढीही नाही. म्हणून कित्येक जणी दिवस भरत आले तरी जादा शिफ्ट मागून घेतात.