गॅबापेन्टिन: दुखलं की घ्यायची गोळी नव्हे ही

ही जी कॅप्सूल दिसतेय ना तळहातावर, हिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे दुखलं की घ्यायची, थांबलं की सोडायची. तसं नाहीये ते. आपण ज्याला पेनकिलर म्हणतो, त्या अर्थाने गॅबापेन्टिन पेनकिलर नाहीच.

मुळात हे आलं फिट्ससाठी. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, परवानगी दिली, ती पण फिटच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीला द्यायला. मग २००२ मध्ये नागिणीच्या दुखण्यासाठी मंजुरी मिळाली. म्हणजे नागीण बरी होते, फोड सुकतात, पण त्या जागेची आग आणि ठणका काही जात नाही, नुसता कपडा घासला तरी माणूस कळवळतो, ते दुखणं.

नावाची पण एक गंमत आहे. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी बनवायचं म्हणून हे बनवलं, नावही त्यावरून पडलं, आणि नंतर कळलं की गाबा पेशीवर जिथे जाऊन बसतं त्या जागेला, म्हणजे गाबाच्या रिसेप्टरला, हे हातसुद्धा लावत नाही! नसांच्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी दारं असतात, त्यांच्या एका भागाला हे जाऊन चिकटतं, आणि मग उगाच पेटलेल्या नसा जे सिग्नल सोडत बसतात ते कमी होतात.

आता हे घड्याळ बघा. पोटात गेलेलं औषध ५ ते ७ तासांत रक्तात निम्म्यावर येतं, म्हणून साधी कॅप्सूल दिवसातून तीनदा असते, आणि फिटसाठी घेत असाल तर दोन डोसमध्ये १२ तासांच्या वर गॅप पडता कामा नये. संध्याकाळी लवकर घेतली, रात्रीची विसरली, सकाळी उशिरा उठलो, झाले की १२ तास. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्यायचा, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यायचा. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

दोन घेतल्या तर दुप्पट फरक पडेल असं वाटतं खरं, पण हे औषध आतड्यातून एका ठराविक वाटेनेच शोषलं जातं आणि त्या वाटेवर गर्दी होते. दिवसाला ९०० मिलिग्रॅम तीन भागात घेतलं तर साधारण ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतलं तर ३४ टक्क्यांच्या आसपास. (म्हणून जास्त घेतलं तरी चालतं असा अर्थ काढू नका हं, गुंगी यायची ती येतेच.) ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध बरोबर घेतलं तर आणखी थोडं कमी पोचतं, त्यामुळे ते आधी घ्यायचं आणि मध्ये दोन तास जाऊ द्यायचे.

आणि आता खरा मुद्दा, किडनी. बरीचशी औषधं लिव्हरमध्ये मोडली जातात, हे मोडतच नाही, जसं रक्तात आलं तसंच्या तसं लघवीतून बाहेर. म्हणजे बाहेर जायचं दार एकच, आणि ते नीट उघडत नसेल तर कालचं औषध आजच्यात साठत जातं. मोठ्या माणसाची किडनी ठीक असेल तर दिवसाला ३६०० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, पण क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने साफ करते याचं माप, मिनिटाला १५ ते २९ मिलीवर आला असेल तर ७०० च्या पुढे नाही, तेही दिवसातून एकदाच. इतका फरक! मला तर वाटतं वयस्कर माणसाला हे सुरू करताना किडनीचा रिपोर्ट कधीचा आहे हे घरच्यांनी न लाजता विचारावं, कारण घरात असं होतं की आजोबा दिवसभर पेंगतात, चालताना तोल जातो, आणि सगळे म्हणतात वय झालं आता.

चक्कर, झोप, पायाच्या घोट्यांना सूज, हे सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं. म्हणूनच डोस हळूहळू चढवतात. गाडीचं मात्र जपून, कारण आपल्याला किती गुंगी आहे याचा आपला स्वतःचा अंदाज चुकतो, "मी ठीक आहे" असं वाटत असतानाच चुकतो.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये एफडीएने आणखी एक इशारा दिला, श्वासाबद्दल. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशी ओपिऑइड (अफूच्या जातीची, जोरदार दुखण्यावरची) औषधं किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर चालू असतील, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार) असेल, वय जास्त असेल, तर श्वास मंद पडू शकतो. दारूही त्याच यादीत. माणूस हलवून उठत नाहीये, ओठ निळसर पडलेत, श्वास लांब लांब चाललाय, तर थांबायचं नाही, तडक इमर्जन्सी. अंगावर पुरळ, ताप आणि गाठी सुजल्या तरी लगेच डॉक्टर. मन अचानक खूप खाली गेलं, जीव द्यावासा वाटायला लागला, तर तेही त्याच दिवशी सांगायचं. फिटच्या सगळ्याच औषधांवर २००८ पासून ही सूचना आहे.

ही शेवटची स्ट्रिप. दुखणं गेलंय, फिट महिनोन्‌महिने आलेली नाही, आणि हात आपोआप डबा बंद करायला जातो. एकदम बंद केलं तर फिट परत येऊ शकते, ज्याला पूर्वी फिटचा त्रास आहे त्याला तर एकामागून एक येऊ शकतात, बाकीच्यांना घाम, बेचैनी, झोप उडणं. म्हणून कमीत कमी आठवडाभर, बऱ्याचदा त्याहून जास्त दिवस, उतरता डोस. कागदावर डॉक्टरांनी लिहून दिलंय ते बघा, तीनदा, मग दोनदा, मग फक्त रात्री, आणि प्रत्येकाच्या पुढे तारीख.