भाला जमिनीत रुतल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्रानं ८७.५८ मीटर भाला फेकला, सुवर्णपदक आणलं, आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघानं तो दिवस राष्ट्रीय भालाफेक दिन ठरवला. मुलांना भाल्याची हौस लागली, हे छानच झालं. पण या खेळात अपघात कधी होतो असं विचारलं, तर पालक पटकन सांगतात, "फेकताना." मला तसं वाटत नाही. फेकणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे असतात. भाला जमिनीत रुतला की सगळे निर्धास्त होतात, आणि काळजी करायची वेळ तीच असते.

रुतलेला भाला कसा उभा असतो ते आठवा. टोक मातीत, आणि शेपूट तिरकं वर, फेकणाऱ्याच्याच दिशेनं. पुरुषांचा भाला २.६० ते २.७० मीटर लांब असतो. त्याचं शेपूट शेवटी निमुळतं होत गेलेलं. समोरून पाहिलं तर ते एका ठिपक्याएवढं दिसतं. मुलगा आपली फेक किती गेली ते बघायला सुसाट धावत येतो आणि त्याचा चेहरा नेमका त्या ठिपक्याच्या रेषेत येतो. म्हणून भाला आणायला धावायचं नाही, चालत जायचं. बाजूनं जवळ जायचं, दांडा आधी सरळ उभा करायचा आणि मग वर ओढून काढायचा. परत येताना भाला उभा धरायचा, टोक खाली. आणि तो हातात घेऊनच यायचं, उलटा फेकायचा नाही. स्पर्धेच्या नियमावलीतही हे लिहिलेलं आहे.

आता मैदानावरचे शब्द. धावत यायची ती धावपट्टी, ४ मीटर रुंद. तिच्या शेवटी पांढरा वक्र पट्टा, तो कंस. हा कंस ८ मीटर त्रिज्येचा असतो. त्या वर्तुळाच्या मध्यापासून कंसाच्या दोन्ही टोकांतून रेषा पुढे नेल्या की भाला पडण्याचं क्षेत्र तयार होतं. त्याचा कोन २८.९६ अंश. आकडा ऐकून घाबरू नका, कोनमापक लागत नाही. मध्याच्या खुंटीपासून दोन्ही रेषांवर २० मीटर मोजा. त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर १० मीटर भरलं पाहिजे. एक फीत आणि चुन्याची पिशवी एवढ्यावर काम होतं. रेषा आखल्या की मुलांना आत-बाहेर कळतं, नुसतं ओरडून कळत नाही.

पण रेषेबाहेर म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. २००७ साली रोमच्या मोठ्या स्पर्धेत फिनलंडच्या तेरो पिटकामाकीचा भाला भरकटला आणि बाजूला असलेल्या फ्रान्सच्या लांब उडीपटू सलीम स्दिरीच्या कुशीत घुसला, आणि स्दिरी जखमी झाला. तिथे पंच, आखणी, सगळं होतं. तेव्हा शाळेच्या क्रीडादिनाला वेळ वाचवायचा म्हणून भालाफेक आणि लांब उडी शेजारी-शेजारी लावणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. बघणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या मागे उभं राहावं. एका शिट्टीवर फेकायचं, दुसऱ्या शिट्टीवर सगळ्यांनी मिळून आणायला जायचं. मधल्या वेळात कुणीही क्षेत्रात नाही.

गावच्या स्पर्धेत एक वाद हमखास होतो: भाला रुतला नाही, म्हणजे फेक बाद! तसं नाही. धातूचं टोक आधी जमिनीला लागलं की पुरे, मग तो आडवा झाला तरी पांढरा झेंडा.

भाला खांद्यावरूनच का फेकायचा, यामागे एक गंमत आहे. १९५६ मध्ये स्पेनच्या बास्क भागातला एरौस्किन थाळीफेकीसारखा गिरकी घेऊन भाला सोडू लागला. भाल्याला साबण लावलेला, म्हणजे हातातून सुळकन सुटावा. अंतर प्रचंड, पण भाला कुठे जाईल याचा भरवसा नाही. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघानं लगेच बंदी घातली. आजही भाला हवेत जाईपर्यंत फेकीच्या दिशेला पाठ करता येत नाही. दुसरा बदल १९८६ चा. त्याआधी १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं १०४.८० मीटर फेक केली आणि मैदानच अपुरं पडायची वेळ आली. शिवाय जुने भाले आडवे पडत, टोक आधी लागलं की नाही ते कळत नसे, त्यामुळे निकालावर भांडणं होत. मग पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे भाला जिथे तोलला जातो तो बिंदू, ४ सेंटिमीटर पुढे सरकवला. त्यामुळे टोक लवकर खाली झुकतं.

भाला धरायच्या पकडीचे प्रकार तीन: अमेरिकन (अंगठा आणि तर्जनीची), फिनिश (अंगठा आणि मधल्या बोटाची) आणि बेचक्यातली (तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये). मुलाला जी सोयीची वाटेल ती घेऊ द्या. वजनाच्या बाबतीत मात्र हट्ट नको. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम, महिलांचा ६००. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ८०० ग्रॅमचा दिला, तर कोपर खाली येतं, हात बाजूनं फिरतो आणि दुखणं मागे लागतं. सुरुवातीला रबरी टोकाचा प्लास्टिकचा भाला सगळ्यात बरा.

शेवटी प्रवासाचं. स्पर्धेला निघताना भाले एकत्र बांधा, टोकांवर जाड रबरी नळीचे तुकडे चढवा, आणि एसटीत बसण्याआधी वाहकाशी बोलून घ्या.