कंदुरीनंतरचा तिसरा दिवस

(दृश्य: उदगीरजवळचं एक गाव. सकाळ. गोठ्याबाहेर उभा पश्मी कुत्रा.)

पोट आत ओढलं जातंय बघा. एकदा, दोनदा... आणि तिसऱ्यांदा पिवळा फेस.

हा राजा. पश्मी जातीचा, म्हणजे कारवानी या शिकारी कुत्र्याचा केसाळ कानांचा भाऊबंद. वजन वीसेक किलो. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत असल्या कुत्र्याभोवती माणसं उगाच घुटमळत उभी राहतात. आज मात्र पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून तो ताणतोय. नमस्कार घातल्यासारखं दिसतं खरं, पण पोटात कळ उठली की कुत्री असं करतात.

“राती धा वेळा ओकलाय डॉक्टर. पाणी बी ठरना,” राजाचे मालक मामा म्हणाले.

डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही. आधी मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती सावकाश खाली बसली. ओठ वर करून हिरडी दाबली. रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले. अंगातलं पाणी गेलंय.

“मामा, काय खाल्लंय ह्यानं?”

“भाकर. दुसरं काय?”

“अन् परवा?”

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “परवा कंदुरी होती.”

कंदुरी म्हणजे नवसाचं बकरं कापून दिलेलं जेवण. मराठवाड्यातल्या पशुवैद्याला एवढं पुरतं. बकऱ्याची चरबी, तर्री, हाडं. चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते, हाड आतड्यात अडकतं. उलटी दोन्हीत होते, उपाय मात्र वेगळा.

(दृश्य: टेबलावर औषधांच्या बाटल्या.)

मेडिकलमध्ये सहज मिळणारं उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड पोटाला पुढे ढकलायला लावतं. वाट मोकळी असेल तर ठीक. पण पुढे हाड, किंवा दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं कणीस अडकलेलं असेल, तर तोच जोर जिवावर बेततो. म्हणून डॉक्टरांनी मामांना आधी एक्स-रेला पाठवलं. मामा कुरकुरले. गाडीभाडं आहे, कामाचा दिवस आहे. कुरकुर रास्तच होती.

एक्स-रेत हाड नव्हतं.

आता सुई. मॅरोपिटंट, किलोला एक मिलिग्राम, म्हणजे राजाला वीस. मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला ‘ओक’ असा निरोप देणारं एक रसायन असतं, सबस्टन्स पी. त्याची जागाच हे औषध अडवतं. असर दिवसभर. कातडीखाली देताना झोंबतं, म्हणून डॉक्टर बाटली फ्रिजमधून काढून थंडच भरतात. गार असलं की कमी झोंबतं. ते नसेल तर माणसांचंच ऑन्डान्सेट्रॉन, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. आणि शिरेतून सलाईन. बघणाऱ्याला सुई मोठी वाटते, पण अंगातलं पाणी गेलेल्या कुत्र्याला सावरतं ते सलाईन.

फवारणीच्या दिवसांत गोष्ट निराळी. तोंडातून लाळ गळतेय, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर ते बहुधा कीटकनाशक. तिथं उलटीची सुई कामाची नाही, अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध लागतं, आणि तेही लगेच. मीठपाणी पाजत बसू नका. घरातली अंगदुखीची गोळी तर मुळीच नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात.

आणि पिल्लू ओकतंय, रक्ताची हगवण लागलीय, तर पार्व्हो समजून धावा. १९७८ साली ओळख पटलेल्या या विषाणूवर दवाखान्यातली नेहमीची औषधं थेट चालत नाहीत. सलाईन, उलटीची सुई आणि प्रतिजैविकं देऊन पिल्लाला तगवायचं, एवढंच हातात असतं. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करायची, आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यायची. पहिली सुई देऊन ‘झालं’ म्हणणारे फार.

(दृश्य: संध्याकाळ. राजा ओट्यावर.)

वाटीत चार चमचे पाणी. राजानं हुंगलं, चाटलं. मामा मोबाइलमधल्या घड्याळाकडे बघत बसलेत. दहा मिनिटं. वीस. काही बाहेर आलं नाही.

रात्री बिनमिठाचा, बिनतेलाचा मऊ भात, दोन घास.

डॉक्टरांचा फोन येतो. “मामा, उद्या सकाळी परत आणा. अन् ओकलाच, तर फोटो काढा. पुसून टाकू नका.”

“फोटो? त्याचा?”

“ओकलेल्याचा, मामा.”